सही झाली होती, आता त्या नको म्हणतात

पत्राचा सारांश : रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरगावात एकल महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील तरुण कार्यकर्तीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बारा बायकांसाठी मोबाइलवर चित्रपट तयार करण्याचे दहा दिवसांचे शिबिर घेतले. समुद्रात नवरा गमावलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, मासळी विकून किंवा कोळंबी सोलून घर चालवणाऱ्या अशा या बायका. निम्म्या जणींना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे पटकथालेखनाचे सत्र फसले. पहिल्याच दिवशी सर्वांनी छापील संमतिपत्रावर सह्या किंवा अंगठे केले. शेवटी बारा लहान चित्रपट तयार झाले. त्यांपैकी पन्नाशीच्या एका मासळीविक्रेतीचा सात मिनिटांचा चित्रपट सर्वांना हलवून गेला. नवरा समुद्रावरून परतला नाही, त्यानंतर दिरांनी होडी आणि जाळी कशी ताब्यात घेतली, हे त्यांनी त्यात स्वतःच्या आवाजात सांगितले आहे. आपण त्यांना मावशी म्हणू. गावात अजून एकही चित्रपट दाखवलेला नाही, पण देणगीदारांना सर्व पाठवले गेले आणि त्यांनी मुंबईतील कार्यक्रमासाठी मावशींचा निवडला. पुढे तो इंटरनेटवरही ठेवायचा आहे. आता मावशी म्हणतात, ‘नको दाखवू.’ कारण सांगत नाहीत. सही आहे, तेव्हा दाखवावे, असे संस्थाप्रमुखांचे मत आहे. पत्रलेखिकेला वाटते की मावशी दिरांच्या दबावाखाली आहेत आणि आता माघार घेतली तर तीन वर्षांचे काम एका धमकीपुढे हरेल. बाकीचे बहुतेक चित्रपट ‘दाखवण्याजोगे नाहीत’, एकीने तर चार मिनिटे नुसत्या कोंबड्या टिपल्या आहेत. पुढच्या वर्षीचा निधी याच कार्यक्रमावर अवलंबून आहे. मावशींची समजूत कशी काढावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

मावशींची समजूत कशी काढावी, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. मावशींना पुरेसे समजलेले नाही असे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि तुमच्याच पत्रातील तपशील मला वेगळे सांगतात. मात्र तुमच्यापुढचा पेच खरा आहे. किनाऱ्यावरच्या वस्त्यांत, कातकरी वाड्यांवर, वसतिगृहांत किंवा व्यसनमुक्ती केंद्रांत अशी शिबिरे घेणाऱ्या पुष्कळ जणांपुढे तो आज ना उद्या येणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पत्रात ओघात येऊन गेलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. सह्या शिबिराच्या पहिल्या दिवशी झाल्या, असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवशी मावशींनी कॅमेरा कदाचित प्रथमच स्वतःच्या हाताने सुरू केला असेल. आपण कोणता विषय घेणार, त्यात होडी येणार, बोलता बोलता दिरांचे नाव तोंडून निघणार, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि तुम्हालाही नव्हते. जो चित्रपट अजून तयारच झालेला नाही तो कोणालाही दाखवायला आपली हरकत नाही, असे त्यांनी त्या कागदावर मान्य केले. अशी सही संस्थेच्या फायलीसाठी उपयोगी असेल, पण तिला संमती म्हणणे मला जड जाते. शिबिरात बसायला त्यांनी होकार दिला आणि शिकवणाऱ्या माणसांवर विश्वास टाकला, इतकेच त्या सहीतून दिसते. चित्रपट दाखवण्याविषयी त्यांना खऱ्या अर्थाने अजून कोणी विचारलेलेच नाही. त्यामुळे आज त्या ‘नको’ म्हणतात तेव्हा दिलेला शब्द फिरवत नाहीत. काय दाखवले जाणार हे कळल्यानंतरचे त्यांचे हे पहिले उत्तर आहे.

कोणापुढे दाखवले जाणार, हेही आता त्यांना कळले आहे. देणगीदारांच्या लेखी मुंबई म्हणजे दूरचे सभागृह आणि अनोळखी प्रेक्षक. कोकणातल्या माणसासाठी मुंबई ही गावाचीच दुसरी बाजू असते. प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तिथे आहे, वाडीवाडीची मंडळे आहेत आणि प्रत्येक मंडळाचा व्हॉट्सॲप गट आहे. सभागृहात कोणी अर्धा मिनिट जरी मोबाइलवर टिपला, तरी रातराणीची एसटी सुटण्याआधी तो तुकडा मावशींच्या शेजारघरी पोहोचलेला असेल. मावशींनी हा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर केला असावा.

माझ्या हातून जे झाले ते इथे सांगायला हवे. बऱ्याच वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका गावात पूर ओसरल्यावर आम्ही एका संस्थेसाठी चित्रीकरण करत होतो. शाळेच्या वर्गात आसऱ्याला असलेल्या एका बाईंनी घर कसे गेले ते सांगितले आणि सांगता सांगता त्यांना रडू आले. बाहेर वारा होता, आवाज नीट मुद्रित झाला नाही, म्हणून मी त्यांना तेच पुन्हा सांगण्याची विनंती केली. त्यांनी नकार दिला नाही. मदतीचे सामान ज्या गाडीतून आले त्याच गाडीतून आम्हीही उतरलो होतो, तर त्या नकार देणार तरी कशा? त्यांनी पुन्हा सांगितले आणि पुन्हा तितक्याच रडल्या. तो चित्रपट तीन शहरांत दाखवला गेला, लोक हळहळले, निधीही जमला. त्या गावात मात्र आम्ही तो कधीच नेला नाही. त्यांची परवानगी माझ्याजवळ लेखी होती, आणि तरीही ते आठवले की मला आजही अपराधी वाटते. तुमच्या हाती अजून वेळ आहे, म्हणून हे लिहिले.

चित्रपट आधी कोणी पाहायचा, हा प्रश्न आपल्या कामात फार जुना आहे, आणि त्याचे एक चांगले उत्तर मच्छीमारांच्याच बेटावर सापडलेले आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात फोगो नावाचे बेट आहे. तिथल्या लोकांना उठवून दुसरीकडे वसवावे, असा विचार सरकारात चालू असताना, १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले. एक मोठा माहितीपट करण्याऐवजी त्यांनी एकेका माणसाविषयी, एकेका प्रश्नाविषयी लहान लहान चित्रपट केले आणि ते सर्वप्रथम बेटावरच, वस्तीवस्तीत दाखवले. आपल्या बोलण्यातला एखादा भाग बाहेर जाऊ नये असे ज्याला वाटे, त्याला तो काढून टाकायला सांगता येत असे. लोकांनी मान्य केल्यानंतरच ते चित्रपट सरकारी लोकांनी पाहिले, आणि मंत्र्यांचे उत्तरही चित्रित करून बेटावर परत आणले गेले. एका वस्तीची माणसे दुसऱ्या वस्तीच्या अडचणी त्या पडद्यावर पाहू लागली, पुढे त्यांनी सहकारी संस्था उभी केली आणि बेट उठले नाही. कॅमेरा तेव्हा लोकांच्या हाती नव्हता, ती पायरी नंतर आली. तरी आधी ज्याचे त्याला, मग गावाला, मग बाहेर, हा क्रम तिथून जगभर गेला. तुमच्या शिबिरात तो नकळत उलटा झाला आहे. मावशींच्या शेजारणींनी अजून जे पाहिले नाही, ते देणगीदारांनी पाहून निवडलेसुद्धा.

आता दबावाविषयी. दिरांनी धमकावले असेल, ही तुमची शंका चुकीचीच आहे असे मी म्हणत नाही. परंतु मावशींनी तसे सांगितलेले नाही, आणि नकाराला दुसरीही कारणे असू शकतात. होडी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याच माणसांकडून त्यांना रोज पहाटे जेटीवर मासळी उचलावी लागत असेल, आणि त्या माणसांनी मावशींची पाटी रिकामी ठेवायची ठरवली तर दुपारी घरात पैसा येणार नाही. मुलीचे लग्न जमत असेल. मुलाला मित्रांपुढे संकोच वाटत असेल. असेही असेल की इतक्या वर्षांत कोणापाशी न बोललेले दुःख त्या कॅमेऱ्यापुढे एकदा बोलल्या, त्यांचे मन हलके झाले आणि आता ते पुन्हा कोणाला ऐकवण्याची त्यांना गरज उरलेली नाही. यातले कोणतेही कारण हरण्याचे लक्षण नाही. आपल्या क्षेत्रात ‘आवाज मिळवून देणे’ हा शब्दप्रयोग फार रुळला आहे, पण भर बाजारात गिऱ्हाइकाशी भावावरून झुंजणाऱ्या बाईला आवाज नव्हता असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? कोणापुढे, कधी आणि किती बोलायचे हे त्या आयुष्यभर ठरवत आल्या आहेत. शिबिरात तुम्ही त्यांना सांगितले असेल की दिग्दर्शक त्या आहेत. दिग्दर्शकाने आपला चित्रपट रोखून धरला आहे, इतकेच झाले आहे.

तेव्हा दुपारी विक्री आटोपून, जेवून त्या जरा टेकल्या असतील अशा वेळी एकट्या जा. संस्थाप्रमुखांना नेऊ नका, कागद नेऊ नका. पूर्ण चित्रपट त्यांच्याबरोबर बसून पाहा. ‘दाखवू का’ असे विचारले की हो किंवा नाही एवढेच उत्तर येते आणि तुमच्या प्रेमाखातर ते ‘हो’ही येईल. त्याऐवजी ‘कोणी पाहिलेले चालेल आणि कोणी पाहिलेले चालणार नाही’ असे विचारा. कारण विचारू नका. सांगावेसे वाटले तर त्या सांगतील. त्यांना वाटले तर होडीचा भाग त्यांनीच, स्वतःच्या बोटाने कापावा, एवढे संपादन त्या तुमच्याकडे शिकल्या आहेत. सध्या फक्त शिबिरातल्या बारा जणींनीच पाहावे, असे त्या म्हणू शकतात. एक वर्ष थांबा म्हणू शकतात. पूर्ण पुसून टाका, असेही म्हणू शकतात, आणि तसे म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. हे पर्याय घासाघीस म्हणून पुढे करू नका, की हे नको तर निदान ते तरी द्या. आणि चेहरा धूसर करू, नाव बदलू, असे आश्वासन अजिबात देऊ नका. शहरात त्याचा उपयोग होत असेल, पण लहान गावात माणूस चालण्यावरून, पाटी डोक्यावर घेण्याच्या लकबीवरून, अंगणातल्या माडावरूनही ओळखू येतो, आणि चेहरा झाकला म्हणून निर्धास्त राहिलेल्या बाईची त्यात फसगत होते.

धमकी खरोखरच असेल, तर तो चित्रपटाचा प्रश्न उरत नाही. त्यांची इच्छा असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. होडीवरचा हक्क त्यांना मागायचा असो वा नसो, तो चित्रपट बाहेर जाण्यापूर्वी वकिलाने पाहिलेला बरा. त्यात जिवंत माणसांवर नाव घेऊन आरोप आहे, आणि उद्या त्यावरून काही उभे राहिले तर त्याला तोंड मावशींना द्यावे लागेल, मुंबईच्या प्रेक्षकांना नव्हे.

तुमच्या पत्रातील ज्या ओळीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ती कोंबड्यांची. चार मिनिटे नुसत्या कोंबड्या, म्हणून तो चित्रपट दाखवण्याजोगा नाही, असे तुम्ही एका ओळीत लिहून टाकले आहे. मला तो पाहायला आवडेल. कोंबडी कॅमेऱ्यापुढे चार मिनिटे टिकते, याचा अर्थ धरणारा हात स्थिर होता आणि धरणारी बाई घाईत नव्हती. फोन किती उंचीवर होता? ती उकिडवी बसली होती का, की अंगणात चक्क मांडी घालून? मध्ये कोणी हाक मारली तेव्हा तिने चित्रण थांबवले की चालू ठेवले? त्या कोंबड्या कोणी घेतल्या, अंड्यांचे पैसे कोणाच्या हातात राहतात? कदाचित त्या घरात तिच्या एकटीच्या मालकीचे तेवढेच असेल. कदाचित तसे काहीही नसेल आणि तिला त्या फक्त पाहायला आवडत असतील. या दोन्ही गोष्टींना तुमच्या शिबिरात जागा हवी. दुःखाचा चित्रपट चांगला आणि सुखाचा किरकोळ, अशी मोजपट्टी आपण न बोलता लावतो आणि बायकांना ती फार लवकर कळते. शिबिराच्या नावातच ‘एकल महिला’ असले की काय अपेक्षित आहे हे त्या ओळखतात. यंदा तुम्ही एका चित्रपटापाशी थांबून अकरांना ओलांडून गेलात, तर पुढच्या वर्षी बाराही जणी आपापले जुने घाव उकरून आणतील. त्या खोटे बोलतील असे नाही, पण तुम्हाला हवे तेच निवडतील. ज्या बाईला गावात आधीच ‘बिचारी’ म्हणतात, तिच्या हाती कॅमेरा देऊन तिच्याकडून पुन्हा ‘बिचारी’च वदवून घ्यायची, हे तुम्हाला नको आहे हे मला ठाऊक आहे.

तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूर भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित शेतकरी बायका बरीच वर्षे स्वतः चित्रपट करत आल्या आहेत. डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेल्या शॉटला त्यांनी आपले नाव दिले, संघम शॉट. संघम म्हणजे त्यांचे गावागावांतील मंडळ, जिथे सर्व जणी एका पातळीवर बसतात. कोंबड्यांचा चित्रपट पुढच्या बैठकीत लावा आणि कोणाची नजर कोणत्या उंचीवर होती, एवढीच चर्चा करून पाहा. छायाचित्रणाचा एक पूर्ण धडा त्यातून होईल.

पटकथेचे सत्र फसले यात बायकांचा दोष नाही. अहमदाबादेत १९८४ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या सुमारे २० सभासद मार्था स्टुअर्ट या अमेरिकी प्रशिक्षिकेकडून व्हिडिओ शिकल्या, तेव्हा त्यांच्यातही कित्येकींना वाचता येत नव्हते, आणि यंत्रे आजच्या मोबाइलच्या कितीतरी पट जड होती. त्यातून उभे राहिलेले ‘व्हिडिओ सेवा’ हे पथक पुढे वर्षानुवर्षे चालले. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एकामागून एक चित्रे पुढे धरायची आणि गात, बोलत गोष्ट सांगायची, यापेक्षा सोपा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतून केलेला आराखडा, दुसरा कोणता असणार? दशावतारी नट हाती लिखित संहिता नसताना रात्रभर संवाद बोलतात. हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे त्यांच्यापुढे चौकटी आखलेला कागद ठेवण्याचे कारण नाही. अंगणात कोळशाने सहा चौकोन काढा आणि पहिल्यात काय दिसेल ते विचारा.

निधीविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे, तुमचा स्वतःचा पगारही त्यात असेल याची जाणीव ठेवून. देणगीदारांना मावशींविषयी एक शब्दही न सांगता कळवा की चित्रपट करणाऱ्या बाईंनी तो न दाखवण्याचा निर्णय घेतला आहे, आणि असा निर्णय त्यांना घेता येतो हेच या प्रशिक्षणाचे फलित आहे. बहुतेक देणगीदार हे समजून घेतात. कार्यक्रमात त्या जागी ज्यांची तयारी आहे अशा दोघी-तिघींनी स्वतः मुंबईला जावे, आपला चित्रपट आपणच लावावा आणि लोकांच्या प्रश्नांना आपणच उत्तरे द्यावीत. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या विक्रीचे पैसे अंदाजपत्रकात धरा. हे सर्व करूनही निधी गेलाच, तर एका वर्षाचे नुकसान होईल. मावशींचा चित्रपट त्यांच्या मनाविरुद्ध दाखवला तर तुमच्या शिबिरात यायचे की नाही याचा विचार बंदरावरची प्रत्येक बाई पुढची दहा वर्षे करील. संस्थाप्रमुखांशी बोलताना हा मुद्दा पुढे ठेवा. तत्त्वाची गोष्ट पटली नाही तरी हा हिशेब त्यांना पटेल.

पुढच्या शिबिरात संमती तीनदा विचारा. पहिल्या दिवशी फक्त शिकण्यापुरती, चित्रपट पूर्ण झाल्यावर तो ठेवायचा की नाही यासाठी, आणि त्यानंतर दाखवण्याच्या प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळी. गावातला खेळ, मुंबईतला कार्यक्रम आणि इंटरनेट या तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटवर गेलेले परत घेता येत नाही, हे दोनदा समजावून सांगा. कागद वाचता न येणाऱ्या बाईची संमती तिच्याच आवाजात मुद्रित करा आणि ती कधीही मागे घेता येते हेही त्यात बोलून ठेवा. मालकीचा प्रश्नही लेखी सोडवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, त्यामुळे काही ठरवले नाही तर हक्क संस्थेकडे जाण्याचा संभव अधिक. चित्रपट त्या त्या बाईच्या मालकीचा असून संस्थेला तो ठरलेल्या कामापुरता वापरता येईल, असा साधा करार मराठीत करा.

फोन कोणाचा, याकडेही लक्ष द्या. पुष्कळ घरांत चांगला फोन मुलाचा किंवा दिराचा असतो, आणि बाईने टिपलेले सर्व काही, न वापरलेले तुकडेसुद्धा, त्याच्या गॅलरीत राहते. शिबिराचे म्हणून चार-पाच फोन ठेवा, रोज संध्याकाळी चित्रण काढून घ्या आणि फोन कोरे करा. वेळापत्रक दहा ते पाच असे शहरी असू नये. पहाटे लिलाव, मग विक्री, असा ज्यांचा दिवस आहे त्यांना दुपारनंतरचे दोन-तीन तासच मिळतात. तुमच्या गावात मासेमारी भरतीच्या जोरावर चालत असेल तर उधाणाचे दिवस टाळून भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस घ्या. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात वेळ असेल असे वरकरणी वाटते, पण तेव्हा भाताची लावणी असते आणि हाती पैसा नसतो, त्यामुळे रोजचा भत्ता देणार नसाल तर तो काळ निवडू नका. आवाजाचे एक सत्र किनाऱ्यावरच घ्या. आपल्याकडे चित्र सहसा बिघडत नाही, वाऱ्याने आवाज बिघडतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहणे आणि माइकवर जाड सुती कापड बांधणे एवढ्याने खूप फरक पडतो. माझ्या त्या पुराच्या गावात एवढे जरी मला सुचले असते, तरी त्या बाईंना दुसऱ्यांदा सांगावे लागले नसते.

मुलांबरोबर किंवा अत्याचारातून बाहेर आलेल्यांबरोबर अशी शिबिरे घेणाऱ्या वाचकांनी कायद्याची मर्यादा ओळखूनच कॅमेरा हाती द्यावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पीडित बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करता येत नाही. त्याला परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकते, पालकांची सही पुरत नाही. बालगृहातील मुलांची ओळख २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांची २०१७ च्या कायद्याने जपलेली आहे. अशा ठिकाणी स्वतःची गोष्ट सांगायला न लावता कल्पित गोष्ट, चिखलाच्या किंवा कागदाच्या बाहुल्या, आवाजाचे खेळ यांतून शिकवता येते, आणि मुले त्यात जास्त रमतात.

शिकल्यानंतर पुढे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण बायका विचारतील. दहा दिवसांच्या शिबिरातून रोजगार मिळेल असे वचन देऊ नका. ज्यांना गोडी लागली आहे अशा दोघी-तिघींना पुढे न्या. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेने २०१७ पासून ‘स्किफ्ट’ या उपक्रमात ठिकठिकाणी लघुमुदतीचे अभ्यासक्रम घेतले आहेत, आणि गोव्यातून काम करणारी ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ ही संस्था वंचित समूहांतील लोकांना आपल्या भागाचे वार्ताहर म्हणून तयार करत आली आहे. तिथे चित्रपटाचा खरा प्रेक्षक कित्येकदा एकच अधिकारी असतो. तुमच्या जेटीवर विक्रेत्या बायकांसाठी स्वच्छतागृह नसेल, लिलावाच्या जागेवर छप्पर नसेल, तर त्यावर केलेली तीन मिनिटे बारा जणींनी मिळून ग्रामपंचायतीत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवता येतील. त्यात एकटीवर काही येत नाही, कारण मागणी सर्वांची असते.

त्याआधी गावातला खेळ मात्र करा. गणपतीत चाकरमानी आलेले असतात तेव्हा मोठी गर्दी मिळेल, पण पहिल्या खेळाला ती नको. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी, समाजमंदिरात, पांढरी चादर लावून फक्त बायकांसाठी दाखवा. कोणाचा चित्रपट कितवा हे बायकांनीच ठरवावे, आणि कोंबड्या मध्यभागी असाव्यात अशी माझी इच्छा आहे. मावशींनी आपला चित्रपट द्यायचा नाही असे ठरवले, तर एक चित्रपट मागे घेतला गेला असे त्या दिवशी कोणी बोलून दाखवू नये, याची काळजी घ्या. त्या आल्या तर कुठे बसतात ते त्यांचे त्या पाहतील. प्रोजेक्टर चालवायला आवडेल का, एवढे मात्र त्यांना दोन दिवस आधी विचारून ठेवा.